लाईट गेली तरी पावती राहिली पाहिजे: की-व्हॅल्यू इंजिनमधलं लूकअप आणि क्रॅश टेस्टिंग, नवशिक्यांसाठी

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ‘स्वतःचं डेटाबेस इंजिन लिहितो’ म्हणणारी मुलं आता जळगाव-धुळ्याकडेही भेटतात. विषय चांगला आहे. पुट (की म्हणजे नोंदीचं नाव, तिच्याखाली व्हॅल्यू म्हणजे मजकूर ठेवणं), गेट (की देऊन व्हॅल्यू परत मिळवणं) आणि डिलीट एवढी तीन कामं करणारं इंजिन थोड्या दिवसांत उभं राहतं आणि व्हायव्हाला डेमोही झकास होतो. अडचण त्यानंतरची आहे. इंजिन लिहिता लिहिता मध्येच बंद पडलं तर फाइलमध्ये काय उरतं, हे बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. ज्यांनी पाहिलेलं असतं, त्यांची तपासणीही बऱ्याचदा फसवी असते. फसवी का, ते पायरी ६ मध्ये येईल. आधी लूकअप, म्हणजे की देऊन नोंद शोधणं, नीट लावून घेऊ, कारण क्रॅश टेस्टमध्येही शेवटी प्रश्न तोच असतो: हवी ती नोंद सापडली का, आणि नको ती सापडत नाही ना?

भाषा कुठलीही चालेल: सी, गो, रस्ट, अगदी पायथनसुद्धा. मशीनवर लिनक्स मात्र हवं.

उदाहरण आपलं इकडचंच घेऊ. रावेरकडे केळीच्या गाड्या भरण्याच्या हंगामात वजनकाट्यावर रांग लागलेली असते. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, शेतकऱ्याचा खाते नंबर आणि त्या दिवसाचा भाव हे सगळं काट्यावरच्या कॉम्प्युटरात जातं आणि पावती छापून निघते. एकदा पावती हातात पडली की ती नोंद हरवून चालत नाही, शेतकऱ्याचे पैसे त्यावरच निघणार असतात. पावती छापली जाण्याआधीच लाईट गेली तर तक्रार नाही, गाडी पुन्हा काट्यावर घेता येते. ‘पावती दिली’ आणि ‘पावती दिली नाही’ यातला फरक डोक्यात पक्का ठेवा. पुढची सगळी टेस्ट त्यावरच उभी आहे.

पायरी १: रेकॉर्डचा आराखडा ठरवा

एक फाइल घ्या आणि तिच्या फक्त शेवटी लिहीत जा. जुनं खोडायचं नाही, जागच्या जागी बदलायचं नाही. व्यापाऱ्याच्या दुकानात रोजमेळ आणि खतावणी असते ना, तसंच: घडेल तसं रोजमेळात उतरायचं, आणि कुणाचं खातं कुठल्या पानावर आहे ते खतावणीत बघायचं. आपली फाइल म्हणजे रोजमेळ, रॅममधला इंडेक्स म्हणजे खतावणी. खतावणी फाटली तर रोजमेळावरून पुन्हा बनवता येते, उलटं होत नाही.

प्रत्येक रेकॉर्डमध्ये क्रमाने हे ठेवा: ४ बाइट चेकसम (बाइटांवरून काढलेला ताळ्याचा आकडा, बाइट बिघडले तर तो जुळत नाही), ४ बाइट कीची लांबी, ४ बाइट व्हॅल्यूची लांबी, मग की, मग व्हॅल्यू. डिलीटसाठी वेगळा रेकॉर्ड लिहायचा, ज्यात व्हॅल्यू नसते आणि ‘ही की गेली’ अशी खूण असते. या खुणेला टूम्बस्टोन म्हणतात.

चेकसम फक्त व्हॅल्यूवर काढू नका, दोन्ही लांब्या आणि की धरून काढा. कारण असं. क्रॅशनंतर फाइलच्या शेवटी नुसती शून्यं सापडणं नेहमीचं आहे: फाइलची लांबी वाढल्याची नोंद डिस्कवर पोचते, आतला मजकूर पोचत नाही. आता ती शून्यं रेकॉर्ड म्हणून वाचा. कीची लांबी ०, व्हॅल्यूची लांबी ०, चेकसम ०. नेहमीच्या सीआरसी-३२ ने रिकाम्या मजकुराचा चेकसम ० च येतो. म्हणजे ‘रेकॉर्ड बरोबर आहे’ असं तुमचं इंजिन खुशाल म्हणेल आणि शून्यांमागून शून्यं वाचत सुटेल. लांब्या चेकसममध्ये धरल्या तर हा घोटाळा तिथेच पकडला जातो. लेव्हलडीबी या की-व्हॅल्यू इंजिनच्या लॉगमध्ये (आपल्या रोजमेळासारख्या फाइलीत) प्रत्येक तुकड्याला ७ बाइटांचं हेडर असतं आणि त्यात ० हा प्रकार मुद्दाम राखीव ठेवलेला आहे, तो अशाच शून्यांसाठी.

पायरी २: की म्हणजे बाइट, अक्षरं नव्हेत

मराठीत की ठेवणार असाल तर इथे थांबून वाचा.

समजा की आहे ‘रावेर/२०२५०६१२/००४७’. डोळ्यांना १९ चिन्हं दिसतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेतं, म्हणून ही की डिस्कवर ५३ बाइटांची होते. आकडे इंग्रजी वापरले तर २९ बाइट. लांबी मोजताना अक्षरं मोजणारं फंक्शन वापरलंत तर रेकॉर्ड मधोमध कापला जाईल.

दुसरी गोष्ट याहून छळणारी आहे. ‘गिऱ्हाईक’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ’ एका चिन्हानेही लिहिता येतो, आणि साधा ‘र’ अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि वर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर सगळं सारखंच दिसतं, बाइट मात्र वेगळे. एका कॉम्प्युटरवरून टाकलेली नोंद दुसऱ्यावरून शोधली तर ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं, आणि माणूस आख्खा दिवस इंडेक्समध्ये बग शोधत बसतो. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन पहिल्या दोन रूपांना एकत्र आणतं. जोडचिन्हवालं रूप त्याने बदलत नाही, ते तुम्हालाच हाताळावं लागतं. हे काम इंजिनच्या बाहेर, ॲप्लिकेशनमध्ये करा. इंजिनने बाइट जसे आले तसेच ठेवावेत.

क्रमाचंही तेच. बाइटांच्या क्रमात ‘१०’ हे ‘९’ च्या आधी येतं, म्हणून पावती नंबर ‘०००९’, ‘००१०’ असे शून्यं भरून लिहा. ‘ळ’ आपल्या वर्णमालेत ‘ह’ नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ‘ल’ च्या लगेच पुढे आहे. यादी मराठी क्रमाने हवी असेल तर ती दाखवताना लावा, इंजिनच्या क्रमाला हात लावू नका.

पायरी ३: सगळ्यात साधं लूकअप

रॅममध्ये एक हॅश टेबल ठेवा: की दिली म्हणजे फाइलमधली जागा आणि लांबी मिळावी. गेट आलं की टेबलात बघायचं, फाइलमधून तेवढाच तुकडा वाचायचा, चेकसम ताडायचा आणि रेकॉर्डमधली की मागितलेल्या कीशी जुळते का तेही बघायचं. ही शेवटची तुलना ‘कशाला उगाच’ म्हणून गाळली जाते. गाळू नका. जागा चुकली तर दुसऱ्याच शेतकऱ्याचं वजन परत जाईल, आणि चेकसमही बरोबर येईल, कारण तो रेकॉर्ड स्वतःपुरता बरोबरच असतो.

२०१० मध्ये आलेलं बिटकास्क, म्हणजे रिआक डेटाबेसखालचं स्टोरेज, याच पद्धतीचं आहे. मर्यादाही तीच: सगळ्या की रॅममध्ये मावल्या पाहिजेत. १० लाख पावत्या, प्रत्येकी ५३ बाइटांची की आणि वर टेबलाचा खर्च अंदाजे ५० बाइट धरला तर साधारण १०० एमबी. काट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरलाही हे जड नाही. ‘१२ जूनच्या सगळ्या पावत्या दाखव’ हे मात्र हॅश टेबलला जमत नाही, त्याला सगळं चाळावं लागतं.

प्रोजेक्टसाठी इथवर थांबलात तरी चालेल. पुढची पायरी वाचून घ्या, पण क्रॅश टेस्ट आधी या साध्या इंजिनवर बसवा.

पायरी ४: क्रमाने लावलेल्या फाइली

लेव्हलडीबी आणि त्यावरून फेसबुकमध्ये २०१२ पासून वाढवलेलं रॉक्सडीबी ज्या एलएसएम (लॉग-स्ट्रक्चर्ड मर्ज) पद्धतीवर चालतात, ती १९९६ च्या एका शोधनिबंधातून आली. नव्या नोंदी लॉगमध्येही जातात आणि रॅममधल्या क्रमवार मेमटेबलमध्येही. मेमटेबल भरलं (लेव्हलडीबीत ठरीव आकार ४ एमबी) की ते क्रमाने लावलेली फाइल म्हणून डिस्कवर उतरतं. अशा फाइली पुढे एकत्र करून खालच्या पातळ्यांवर नेल्या जातात.

लूकअपचा रस्ता असा: आधी मेमटेबल, मग डिस्कवर उतरत असलेलं मेमटेबल, मग सगळ्यात वरच्या पातळीवरच्या फाइली नव्याकडून जुन्याकडे, कारण त्यांच्यातल्या कींच्या हद्दी एकमेकींवर चढलेल्या असतात. त्याखालच्या प्रत्येक पातळीत हद्दी वेगळ्या असतात, म्हणून तिथे बायनरी सर्चने नेमकी एकच फाइल निघते. फाइलच्या आतही इंडेक्सवर बायनरी सर्च करून एकच ब्लॉक वाचायचा.

प्रत्येक फाइलीला ब्लूम फिल्टर (फाइलीत कुठल्या की आहेत याच्या बिटांतल्या खुणा) लावला तर ‘ही की इथे नक्की नाही’ हे फाइल न उघडता कळतं. दर कीला १० बिट दिले तर चुकून ‘असेल’ म्हणण्याचं प्रमाण सुमारे १ टक्का राहतं. १० लाख कींना सव्वा एमबीच्या आसपास जागा लागते. ‘नाही’ हे उत्तर मात्र कधीच चुकत नाही. तुमच्या फिल्टरचं चुकत असेल तर फिल्टरमध्ये बग आहे.

नवशिक्यांचा हमखास होणारा घोटाळा टूम्बस्टोनचा. पावती रद्द केली. वरच्या फाइलीत टूम्बस्टोन सापडला, कोडने त्याचा अर्थ ‘इथे नाही’ असा लावला आणि शोध खालच्या पातळीवर गेला. तिथे जुनी पावती होतीच, ती परत आली. म्हणून शोधाची उत्तरं तीन ठेवा: सापडली, काढून टाकलेली आहे, आणि इथे माहिती नाही. शोध पुढे न्यायचा तो फक्त तिसऱ्या उत्तरावर.

पायरी ५: बंद पडल्यावर पुन्हा उभं राहणं

इंजिन सुरू होताना लॉग पहिल्यापासून वाचा आणि इंडेक्स बांधत जा. शेवटी अर्धवट रेकॉर्ड आला तर तो टाकून द्या, त्याची पावती कुणाला दिलेलीच नव्हती. पण मधलाच रेकॉर्ड बिघडलेला असेल आणि त्याच्यापुढे चांगले रेकॉर्ड असतील, तर गुपचूप पुढे जाऊ नका. तिथे लॉगचा शेवट नाही, तिथे डेटा खराब झालाय. इंजिनने थांबून ओरडलं पाहिजे.

आता एक बग जवळून बघा. लॉग १,००,००० बाइटांचा आहे. पुढचा रेकॉर्ड १२५ बाइटांचा, त्यातले ७० बाइट लिहून झाले आणि क्रॅश झाला. इंजिन उठलं, अर्धवट रेकॉर्ड ओळखला, दुर्लक्ष केलं. इथवर ठीक. मग त्याने फाइल ‘शेवटी जोडा’ या मोडमध्ये उघडली आणि १,००,०७० व्या बाइटपासून नव्या पावत्या लिहायला लागलं. दिवसभर काम चाललं, कारण इंडेक्स रॅममध्ये बरोबर आहे. संध्याकाळी पुन्हा लाईट गेली. आता लॉग वाचताना इंजिन १,००,००० वर येतं, तोच अर्धवट रेकॉर्ड बघतं आणि म्हणतं, लॉग संपला. दिवसभराच्या पावत्या फाइलमध्ये आहेत, पण इंजिनला त्या दिसत नाहीत.

उपाय एका ओळीचा: अर्धवट शेपूट सापडलं की फाइल तिथेच छाटायची, एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवायला लावणारा कॉल, पायरी ६ बघा) करायचं आणि मगच नवं लिहायचं. एकदाच क्रॅश करून तपासणाऱ्या टेस्टला हा बग कधीच दिसत नाही. म्हणून टेस्ट क्रॅशवर क्रॅश करणारी हवी, आणि एखादा क्रॅश रिकव्हरी चालू असतानाही हवा.

पायरी ६: किल -९ म्हणजे लाईट जाणं नव्हे

राइट कॉल परत आला म्हणजे मजकूर डिस्कवर गेला असं नाही. तो लिनक्सच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्ये गेलेला असतो. प्रोसेसला किल -९ ने, म्हणजे लिनक्सच्या तडकाफडकी मारणाऱ्या कमांडने, मारलंत तरी लिनक्स जिवंत असतं, पेज कॅश जागच्या जागी असते, आणि मजकूर सावकाश डिस्कवर उतरतो. लाईट गेली तर पेज कॅशसकट सगळं जातं. हा फरक एफसिंकने भरून निघतो: एफसिंक यशस्वी झालं म्हणजे मजकूर डिस्कवर पोचला, आणि पावती त्यानंतरच द्यायची.

पटत नसेल तर करून बघा. इंजिनमधली एफसिंकची ओळ काढून टाका आणि किल -९ ची टेस्ट रात्रभर चालवा. ती हिरवीच राहील. सगळ्यात महत्त्वाची ओळ काढली तरी पास होणारी टेस्ट, तिला मी फसवी म्हणतो ती यासाठी. किल -९ निरुपयोगी नाही, पायरी ५ मधले बग त्याने सापडतात. फक्त ‘आमचं इंजिन लाईट गेली तरी टिकतं’ हे रिपोर्टमध्ये लिहायला तेवढी टेस्ट पुरत नाही.

एफसिंकच्या आणखी चार गोष्टी. नवी फाइल बनवली तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचंही एफसिंक लागतं, नाहीतर मजकूर शाबूत आणि नाव गायब असं होऊ शकतं. फाइल बदलायची असेल तर तात्पुरत्या फाइलीत लिहा, तिचं एफसिंक करा, मग रीनेम, मग फोल्डरचं एफसिंक. यातलं पहिलं एफसिंक गाळलं तर रिकामी फाइल हाती येऊ शकते. एक्स्ट४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम अशा वेळी बऱ्याचदा सांभाळून घेते, म्हणून तुमच्या लॅपटॉपवर ही चूक दिसणारही नाही. तिसरी, मॅकवर साधं एफसिंक ड्राइव्हच्या आतल्या कॅशपर्यंतच थांबतं, तिथे एफ-फुलएफसिंक वापरावं लागतं. चौथी, एफसिंकने एरर दिला तर पुन्हा एफसिंक करून ‘आता झालं’ म्हणू नका. लिनक्स ती पानं लिहून झाली असं धरून मोकळं होऊ शकतं, आणि दुसरं एफसिंक खोटं यश देतं. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांना हे २०१८ मध्ये कळलं, आणि त्यांनी एरर आला की सर्व्हर थांबवून लॉगवरून पुन्हा उभं राहायचं असं ठरवलं. तुम्हीही तेच करा.

वेगाचा प्रश्न येईलच. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो, दर पावतीला एफसिंक केलं तर सेकंदाला शंभराच्या आसपासच नोंदी होतात. केळीच्या काट्याला तेवढ्याही खूप झाल्या. जास्त हव्या असतील तर अनेक नोंदी जमवून एकच एफसिंक करा आणि मग सगळ्यांच्या पावत्या एकदम द्या.

पायरी ७: टेस्ट बांधा

दोन प्रोसेस घ्या. पोर इंजिन चालवतो, बाप हिशोब ठेवतो. पोराने पुट करण्याआधी ‘सुरू: की, क्रमांक’ आणि पुट परत आल्यावर ‘झालं: की, क्रमांक’ अशा ओळी पाइपमधून बापाला पाठवायच्या. बाप अधूनमधून, रँडम वेळी, पोराला मारतो आणि पाइपमध्ये उरलेलं शेवटपर्यंत वाचून घेतो. मग इंजिन पुन्हा उघडून प्रत्येक की तपासतो:

– ‘झालं’ आलेली नोंद असलीच पाहिजे, आणि तीच, जुनी नव्हे.
– ‘सुरू’ आली पण ‘झालं’ नाही, तर जुनी किंवा नवी व्हॅल्यू चालेल, तिसरं काही नाही. एकदा नवी दिसली म्हणजे पुढच्या क्रॅशनंतरही नवीच दिसली पाहिजे.
– डिलीट ‘झालं’ असेल तर की सापडता कामा नये.
– कधी लिहिलीच नव्हती अशी की सापडता कामा नये. असल्या खोट्या कीही मुद्दाम शोधा.

व्हॅल्यूमध्ये तीच की आणि क्रमांक पुन्हा लिहा आणि उरलेली जागा त्यावरून काढलेल्या बाइटांनी भरा. दोन रेकॉर्डांची सरमिसळ झाली तर लगेच दिसते. रँडम वेळेबरोबरच कोडमध्ये ठरावीक जागी मारण्याचीही सोय ठेवा: लॉग लिहिल्यावर पण एफसिंकच्या आधी, रीनेमच्या आधी, छाटणीच्या नंतर. रॉक्सडीबीच्या क्रॅश टेस्टमध्ये हे दोन्ही प्रकार आहेत, बाहेरून मारणारा आणि कोडच्या आतून ठरावीक जागी मरणारा.

मग लाईट जाण्याची नक्कल. इंजिनने फाइलशी थेट न बोलता तुमच्या एका पातळ थरातून बोलावं. त्या थरात राइट, एफसिंक, रीनेम आणि फाइल बनवणं हे सगळं नोंदवा. एफसिंक झालेलं ‘पक्कं’, बाकी ‘कच्चं’. क्रॅशच्या वेळी पक्कं सगळं ठेवा. कच्च्यातलं काही ठेवा, काही टाका, क्रम उलटसुलट करा, एखादं राइट ५१२ बाइटांच्या हद्दीवर अर्धं कापा. डिस्क खरोखर असंच वागू शकते. एसक्यूलाइटची क्रॅश टेस्ट अशाच नकली फाइल सिस्टिमवर चालते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हाच विचार ११ सॉफ्टवेअरांवर चालवला, त्यांत लेव्हलडीबी आणि गिटही होते, आणि ६० दोष काढले. थर लिहायचा नसेल तर लिनक्सच्या डिव्हाइस मॅपरमधलं डीएम-लॉग-राइट्स बघा. ते डिस्कवर जाणारं प्रत्येक राइट नोंदवतं आणि हव्या त्या टप्प्यापर्यंत पुन्हा वाजवून दाखवतं.

खरा प्लग काढायचा तो सगळ्यात शेवटी. लाईट जाण्याची वाट बघायला खान्देशात फार थांबावं लागत नाही, मे महिन्यात तर नाहीच. पण लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणून लाईट गेल्याने त्याची काहीच परीक्षा होत नाही. बॅटरी नसलेला, यूपीएस काढलेला जुना डेस्कटॉप घ्या, आणि बापाचा हिशोब नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर ठेवा. तो त्याच मशीनवर असेल तर डेटाबरोबर हिशोबही जाईल.

पायरी ८: टेस्टचीच टेस्ट

सगळं हिरवं झाल्यावर इंजिन मुद्दाम बिघडवा, एका वेळी एकच गोष्ट. एफसिंक काढा. छाटणी काढा. लांब्या चेकसममधून वगळा. टूम्बस्टोनला ‘माहिती नाही’ म्हणा. फोल्डरचं एफसिंक काढा. प्रत्येक वेळी टेस्ट लाल झालीच पाहिजे. जी हिरवी राहील, त्या बाजूची टेस्ट तुमच्याकडे नाही असं समजा आणि आधी ती लिहा. रिपोर्टमध्ये याचा तक्ता टाका: काय बिघडवलं, कुठल्या टेस्टने पकडलं. परीक्षकाला डेमोपेक्षा हा तक्ता जास्त सांगतो.

टेस्ट लाल झाली तर रँडम सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) लिहून ठेवा, म्हणजे तोच क्रम पुन्हा चालवता येतो. आणि इंजिन पुन्हा उघडण्याआधी डेटाच्या फोल्डरची कॉपी काढा. हे हाताने नको, टेस्टच्या स्क्रिप्टमध्येच घाला: मारा, कॉपी काढा, मग उघडा. रिकव्हरी फाइल छाटते, नव्या फाइली बनवते, जुन्या पुसते. एकदा ती चालली की क्रॅशच्या क्षणी डिस्कवर काय होतं, ते त्या फोल्डरमध्ये उरत नाही.